अंगठ्याखाली दोन मॅप

माझी बाइक, केटीएमची आरसी ३९०, २०१५ची आहे, पहिल्या पिढीची, बेळगावच्या केए-२२ पासिंगची. ३७३ सीसीचं एकच सिलिंडर, सुमारे ४३ पीएस ताकद, आणि थ्रॉटल केबलचा. २०१७च्या मॉडेलपासून ह्या गाडीत राइड-बाय-वायर आलं, म्हणजे मूठ किती पिळली हे आधी ईसीयू, इंजिन चालवणारा छोटा संगणक, वाचतो आणि बटरफ्लाय, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, किती उघडायची ते तोच ठरवतो. माझ्या गाडीत तसं काही नाही. मूठ पिळली की तार ओढली जाते आणि बटरफ्लाय तेवढीच उघडते. हा थेटपणा मला आवडतो, म्हणून ही गाडी मी विकलेली नाही आणि विकणारही नाही.

ह्या गाडीवर मूळच्या ईसीयूच्या जोडीला पिगीबॅक युनिट बसवून बरेच दिवस झाले होते. पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरकडे आणि ठिणगीच्या कॉइलकडे जाणारे सिग्नल ते मध्येच अडवतं आणि आपल्या तक्त्याप्रमाणे थोडे कमीजास्त करून पुढे सोडतं. त्याच्यात दोन मॅप राहतात. पण बदलायचे तर सीट काढा, खाली हात घाला, दोन टोकं जोडणारा जंपर लावा नाहीतर काढा, पुन्हा सीट बसवा. घरी ते ठीक आहे. जांबोटीच्या पुढे पावसात रस्त्याकडेला उभं राहून ते कोण करणार? त्यामुळे दोन मॅप असूनही मी वर्षभर एकच वापरत होतो. हँडलवर स्विच हवा होता.

मॅप म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण स्विच बसवायला निघालेल्या पुष्कळ पोरांना वायर कुठली कुठे जाते ते पाठ असतं, पण त्या वायरीनं आत काय बदलतं ते ठाऊक नसतं. मॅप हा एक तक्ता असतो. उभ्या बाजूला इंजिनाचे आरपीएम, आडव्या बाजूला थ्रॉटल किती टक्के उघडलाय ते. प्रत्येक घरात एक आकडा: ह्या आरपीएमला, एवढ्या थ्रॉटलला, पेट्रोल किती टक्के वाढवायचं किंवा कमी करायचं. असाच दुसरा तक्ता स्पार्कचा, त्यात अंश असतात: पिस्टन वर पोचण्याआधी ठिणगी किती लवकर टाकायची. लवकर टाकली की ॲडव्हान्स, उशिरा टाकली की रिटार्ड. इंजिन चालू असताना युनिट सारखं ह्या तक्त्यातलं घर शोधत असतं. स्विच फक्त एवढंच करतो की कुठला तक्ता उघडायचा ते सांगतो.

कंपन्यांनी हे फार आधी दिलं. सुझुकीच्या २००७च्या जीएसएक्स-आर१०००मध्ये ए, बी, सी असे तीन मोड हँडलवरच्या बटणानं बदलता येत होते. यामाहानं २००९च्या आर१मध्ये डी-मोड दिला. त्या लिटरच्या, म्हणजे हजार सीसीच्या गाड्या. आमच्या ३९०ला ते सुख हातानंच करून द्यावं लागतं.

आणि आमच्या भागात ते करण्यात खरोखर अर्थ आहे. बेळगावातून गाडी काढली की तासाभरात सगळ्या तऱ्हेचे रस्ते लागतात. काकतीवरून वंटमुरीच्या घाटाकडे जाणारा हायवे, तिथं इंजिनाला मोकळं सोडता येतं. पिरनवाडीवरून कुसमळी, जांबोटी, कणकुंबी, पुढे चोर्ला: लाल माती रस्त्यावर आलेली, वळणावर ट्रकनं सांडलेली खडी, झाडाखालचा शेवाळलेला डांबर, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत असा पाऊस की समोरच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसावा. शिनोळीवरून चंदगड-आंबोलीकडे गेलात तर धुकं. एक सिलिंडरचं इंजिन खालच्या आरपीएमला तसंही झटके देतं. ओल्या वळणातून बाहेर पडताना मूठ किंचित उघडली आणि मागचं चाक एकदम ओढलं गेलं, की पोटात गोळा येतो. तिथं मला गाडी मवाळ हवी असते. हायवेला नको असते.

म्हणून स्विचच्या आधी मी कागद घेऊन बसलो. कुठल्या मॅपमध्ये काय असणार ते लिहून काढलं. सगळ्या कामातला माझ्या मते हाच महत्त्वाचा भाग, आणि सगळ्यात जास्त वेळ ह्यालाच द्यावा.

मवाळ मॅपमध्ये ३,००० ते ५,५०० आरपीएम आणि थ्रॉटल दहा ते चाळीस टक्के, एवढ्याच घरांत स्पार्क तीन-चार अंश मागे घेतला. ओल्या घाटात माझं बहुतेक चालवणं ह्याच घरांत होतं. त्याहून जास्त मागे घेतला नाही, कारण ठिणगी उशिरा पडली की जळणं उशिरा संपतं आणि ती उष्णता एक्झॉस्टमध्ये जाते. ३९० आधीच पायाला भाजते. आणखी तापवण्यात शहाणपण नाही. घरांच्या कडेला आकडे एकदम न बदलता उतरत नेले, नाहीतर ५,५००ला गाडी मध्येच उडी मारते.

तिखट मॅपमध्ये वरच्या आरपीएमला, सहा हजारांच्या पुढे, स्पार्क एक-दोन अंश पुढे. खालच्या आरपीएमला पूर्ण थ्रॉटलची घरं मात्र मी मूळची ठेवली, एक अंशही हललो नाही. ह्या इंजिनाचं कॉम्प्रेशन साडेबाराच्या आसपास आहे. वरच्या गिअरात, कमी आरपीएमला, चढणीला मूठ पूर्ण पिळली की नॉकिंगचा, म्हणजे आतलं इंधन अवेळी भडकून पिस्टनला ठोके बसण्याचा धोका तिथंच असतो. डाउनलोड केलेले मॅप बघितलेत तर काही जणांनी तिथंही ॲडव्हान्स भरलेला असतो, कारण खालून ओढ लागली की लोकांना गाडी जोरात वाटते. पिस्टनचं काय होतं ते नंतर कळतं. दुसऱ्याचा मॅप जसाच्या तसा आपल्या इंजिनात घालू नये, ह्या मताचा मी आहे आणि ते मत मी सोडणार नाही.

आता पेट्रोलचं. आमचा जिल्हा साखरेचा. निपाणी, चिक्कोडी, गोकाक, अथणी, जिकडे बघावं तिकडे ऊस आणि कारखाने. साखर आणि त्याच्या जोडधंद्यांचं शास्त्र शिकवणारी निजलिंगप्पा साखर संस्थाही बेळगावातच, गणेशपूर रोडला. तेव्हा इथेनॉल आम्हाला परकं नाही. फेब्रुवारी २०२३मध्ये बेंगळुरूत ई-२०ची, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची सुरुवात झाली आणि बघता बघता पंपावर तेच मिळू लागलं. माझी गाडी त्याच्या आधीची. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनानं साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. दहा टक्के इथेनॉलच्या ई-१०ला ते १४.१च्या आसपास येतं, ई-२०ला १३.५च्या. म्हणजे ई-१० वरून ई-२०वर गेल्यावर तेवढ्याच हवेला चारेक टक्के जास्त इंधन द्यावं लागतं.

पण म्हणून सगळ्या तक्त्यात चार टक्के भरून टाकायचे नसतात. मूठ स्थिर ठेवून आरामात चालवत असताना एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर ईसीयूला सांगत असतो आणि ईसीयू स्वतःच इंधन जुळवून घेतो. तिथं आपण वाढवलं की तो कमी करतो. नुसती ओढाताण. म्हणून ती घरं मी दोन्ही मॅपमध्ये शून्यावर ठेवली. जिथं सेन्सरचं ऐकलं जात नाही, म्हणजे जोरात पिळताना, मोठ्या थ्रॉटलला, तिथंच चार टक्क्यांची भर. आणि ही भर दोन्ही मॅपमध्ये सारखी. मवाळ मॅप म्हणजे कमी पेट्रोलचा मॅप नव्हे. कमी इंधनात गरम चालणारं इंजिन मवाळ नसतं, आजारी असतं.

कागद पुरा झाल्यावर स्विच.

बहुतेक युनिटांत मॅपसाठी दोन वायरी असतात. त्या एकमेकींपासून सुट्या असल्या की पहिला मॅप, जोडल्या की दुसरा. डायनोजेटच्या पॉवर कमांडर ५लाही असंच इनपुट आहे, आणि त्यात कुठली वायर कुठल्या टोकाला ह्यानं फरक पडत नाही. माझ्या युनिटाचंही तेच. म्हणजे हा स्विच विजेचा भार वाहत नाही, दोन टोकं फक्त एकमेकांना टेकवतो. त्यामुळे जाड वायर, मोठा स्विच, काही लागत नाही. पण दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. ह्या दोन वायरींना बारा व्होल्ट कधीही लागता कामा नयेत. आणि स्विच दाबल्यावर दाबलेलाच राहणारा हवा. हॉर्नसारखं स्प्रिंगचं बटण लावलंत तर अंगठा ठेवून आहात तोवरच दुसरा मॅप.

आता विचार करण्यासारखी गोष्ट अशी: पहिला मॅप कुठला ठेवायचा? बहुतेक जण तिखट मॅप पहिला ठेवतात, कारण तोच जास्त वापरायचा असतो. मी उलटं केलं. ही वायर हँडलवरून खाली, चेसिसच्या मानेजवळून जाते. हँडल वळेल तशी ती रोज वाकते. कधी ना कधी तुटलीच तर तिथंच तुटणार. तुटली म्हणजे सर्किट उघडं, आणि सर्किट उघडं म्हणजे पहिला मॅप. चोर्ल्याच्या पावसात वायर तुटली तर गाडीनं आपोआप मवाळ व्हावं, तिखट नव्हे. म्हणून मवाळ मॅप पहिल्या जागी, तिखट दुसऱ्या. उलट बाजूचा बिघाड, म्हणजे पाणी शिरून दोन टोकं आपोआप जोडली जाणं, तो सील केलेला स्विच आणि नीट स्लीव्ह ह्यांनी टाळता येतो. वाकून तुटणं मात्र कायमचं टाळता येत नाही. तेव्हा बिघाडाची वाट आधीच ठरवून ठेवलेली बरी.

स्विच घेतला तो छोटा टॉगल, पाण्याला बंद, रबरी टोपीचा, दोन पोलचा. एका पोलवर मॅप, दुसऱ्यावर दिवा. दोन पोल एकाच दांडीनं हलतात पण आतून एकमेकांना शिवत नाहीत, त्यामुळे दिव्याचे बारा व्होल्ट मॅपच्या वायरींपर्यंत जायचा प्रश्नच नाही. दांडी असलेलाच घेतला, कारण हातमोजा घालून पुश बटण कळत नाही. दांडी खाली की मवाळ, वर की तिखट. चुकून हात घासला तर तो वरून खालीच घासतो, म्हणून खालची जागा मवाळ मॅपला.

जागा शोधताना आरसीनं त्रास दिला. क्लिप-ऑन हँडल, म्हणजे दोन बाजूंना दोन सुटे आखूड दांडे, मोकळी नळी जवळजवळ नाहीच. मूठ, स्विचची पेटी, क्लचचा क्लॅम्प, संपलं. आणि हँडल पूर्ण वळवलं की अंगठा टाकीच्या अगदी जवळ येतो, पुढची बाजू फेअरिंगला, म्हणजे गाडीच्या बाहेरच्या कवचाला. स्विच बाहेर डोकावला तर वळणावर नाही, पण पार्किंगमधून गाडी काढताना आपटणार. पुठ्ठ्याचे तुकडे कापून, दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, बघत बसलो. शेवटी क्लच लिव्हरच्या क्लॅम्पचा वरचा स्क्रू हीच एक जागा निघाली. तिथून एक पट्टी आत, पेटीच्या वर वाकून आली की अंगठा मूठ न सोडता दांडीपर्यंत पोचत होता.

पट्टी करायला उद्यमबाग. बेळगावात राहायचा हा फायदा. फौंड्री, लेथ, मिलिंग, सगळं एका ठिकाणी. क्रँकशाफ्टपासून हायड्रॉलिकच्या भागांपर्यंत काय वाट्टेल ते बनतं तिथं, त्यामुळे एका पट्टीसाठी कुणी उभं करेल का अशी शंका होती. पण पुठ्ठ्याचा नमुना हातात घेऊन त्या लेथवाल्यानं निम्म्या कन्नडमध्ये, निम्म्या मराठीत दोन प्रश्न विचारले आणि ३ मिलिमीटरची अॅल्युमिनियमची पट्टी कापायला घेतली. वाकवताना त्यानं आतल्या बाजूला गोल दांडा धरला, कोपरा एकदम काटकोनात मोडला नाही. अॅल्युमिनियम तीव्र वाकवलं की तिथं बारीक चिरा पडतात आणि एक सिलिंडरच्या हादऱ्यांनी पट्टी काही महिन्यांत तुटते, हे त्याला मी सांगावं लागलं नाही. कडांवर कानस मारून त्यानं धार मोडली. दोन्ही बाजूंना मी म्हटलं तशा छोट्या कडा वर ठेवल्या, म्हणजे दांडी त्यांच्या आत झाकली जाते आणि जॅकेटची बाही अडकत नाही. पैसे त्यानं घेतले ते चहापाण्याइतकेच.

वायरिंगला मी शहापूरच्या रिवाइंडिंगवाल्या मामांकडे गेलो. पंपाच्या मोटारी भरायचं त्यांचं दुकान. लहानपणापासून तिथं जातोय, आणि जोड कसा द्यायचा ते त्यांच्याकडेच शिकावं.

‘‘काय करूलालास रे हे?’’ गाडीचं पोट उघडं बघून त्यांनी विचारलं.

सांगितलं. त्यांना मॅपशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी वायर हातात घेतली, वाकवून बघितली, आणि ही कडक आहे म्हणून बाजूला टाकली. बारीक तारांची, मऊ इन्सुलेशनची दुसरी काढून दिली. मी स्विचच्या पायांना कथलाचा डाग (सोल्डर) देऊन वायर थेट जोडणार होतो. ते म्हणाले, ‘‘डाग दे, पर हालणाऱ्या जाग्याला न्हवं. डाग दिलास की कथील वायरीत वर चढतंय, तेवढी वायर कडक हुतीय. कडक आणि मऊ जिथं मिळतंय न्हवं, तिथंच तुटतंय बघ.’’

मोटारीच्या लीडा आयुष्यभर जोडलेल्या माणसाचं हे बोलणं, आणि बाइकच्या हादऱ्यांना ते तंतोतंत लागू आहे. म्हणून असं ठरलं: स्विचच्या पायांना डाग, पण त्यावर आत गोंद असलेली हीट-श्रिंक स्लीव्ह, पायापासून वायरीवर चांगली दोन बोटं पुढे गेलेली. त्यामुळे वाक तिथं न येता स्लीव्हच्या पुढच्या मऊ भागात येतो. स्लीव्ह तापवली की ती आवळते आणि कडेनं गोंदाचा बारीक थेंब बाहेर येतो. तो थेंब सगळ्या बाजूंनी दिसला म्हणजे आत पाणी जाणार नाही, ही खूण मामांनी दाखवली. खाली, टाकीच्या खालच्या अंगाला, रबरी सील असलेला वॉटरप्रूफ कनेक्टर. त्याच्या पिना डाग न देता पक्कडीनं दाबून वायरीवर आवळल्या, म्हणजे क्रिंप केल्या. मामांनी प्रत्येक पिन ओढून बघितली. एक किंचित सरकली, ती कापून पुन्हा केली. कनेक्टर मुद्दाम ठेवला: उद्या स्विच खराब झाला तर वरचा तुकडा बदलायचा, युनिटाला हात लावायचा नाही.

एका मित्राच्या गाडीवर असाच स्विच दुसऱ्या कुणीतरी बसवून दिला होता. जोड पिळून काळी टेप गुंडाळलेली. पहिल्या पावसात टेपेचा गोंद सुटला, आत ओल गेली, आणि गाडी आपल्या मनानं मॅप बदलू लागली. बिघाड तर इतका चमत्कारिक की त्यानं इंजेक्टर साफ करून घेतला, प्लग बदलला, फ्युएल पंपापर्यंत पोचला. टेप काढली तेव्हा तांबं हिरवं पडलेलं दिसलं. मॅपच्या वायरीतून फार थोडी वीज वाहते, त्यामुळे थोडी ओलही तिला जोड वाटू शकते. म्हणून ह्या एका जागी पैसे आणि वेळ वाचवू नका, असं मी प्रत्येकाला सांगतो.

वायर मानेजवळून नेताना गाडीच्या मूळच्या वायरींच्या जुडग्याच्या सोबतीनं, स्पायरल गुंडाळून, एक सैल वळसा ठेवून नेली. केबल-टाय हलक्या हातानं, वायर त्यात सरकायला मोकळी. कॉइल आणि प्लगच्या वायरीपासून शक्य तेवढी दूर, कारण तिथून उडणारा गोंगाट अशा बारीक सिग्नलच्या वायरीत शिरू शकतो.

दिव्यासाठी इग्निशन चालू असतानाच वीज येणारी लाइन घेतली, त्यावर छोटा फ्यूज, मग १ किलो-ओहमचा रेझिस्टर, मग पिवळा एलईडी. चार्जिंगच्या वेळी बॅटरीवर साडेचौदाच्या आसपास व्होल्ट असतात, त्या हिशेबानं १२ मिलीअँपिअर जातात. तेवढा प्रकाश दिवसा दिसतो आणि रात्री डोळ्यात खुपत नाही. दिवा तिखट मॅपला पेटतो.

टाकी बसवण्याआधी मीटर लावून तपासणी. दांडी खाली: कंटिन्युटी नाही, म्हणजे सर्किट उघडं. वर: एक ओहमच्या आत. मग हँडल डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण, मीटरचा आवाज तुटतो का ऐकत. मग मगभर पाणी स्विचवर ओतून, दांडी खाली ठेवून, पुन्हा मीटर: उघडंच. मग इंजिन चालू करून, तापल्यावर, लॅपटॉप जोडून दांडी वरखाली केली. पडद्यावर मॅपचा आकडा बदलत होता. तेव्हा कुठे फेअरिंग चढवलं.

पहिल्यांदा चालवलं ते हायवेला, पहाटे, ट्रक कमी असताना. काकती सोडल्यावर चौथ्या गिअरात स्थिर वेगानं चालवत दांडी वर केली. झटका नाही. साहजिक आहे, स्थिर वेगाला पेट्रोलची घरं दोन्हीकडे सारखीच, आणि स्पार्कचा फरक फार तर तीन-चार अंशांचा. वंटमुरीच्या चढाला मूठ उघडल्यावर सहा हजारांच्या वर फरक कळला: आवाज थोडा घट्ट, सुई थोडी लवकर चढणारी. पीएस किती वाढले ते मी सांगणार नाही, ताकद मोजणाऱ्या डायनोवर घातल्याशिवाय सांगण्यात अर्थ नाही. नॉकिंग ऐकायला कानटोपी न घालता मुद्दाम चढावर, पाचव्या गिअरात, कमी आरपीएमला मूठ उघडून बघितली. खट् नाही. प्लग काढला तर पांढरी पोर्सेलिन हलकी तपकिरी, कुठे काळे-करडे ठिपके नाहीत.

खरी परीक्षा मृगाच्या पावसात. कुसमळीचा मलप्रभेवरचा पूल ओलांडून जांबोटीच्या जंगलात शिरलो तेव्हा सर कोसळत होती. थ्रॉटल बंद करून दांडी खाली केली. दोन्ही मॅपमध्ये बंद थ्रॉटलची घरं एकसारखी आहेत, म्हणून बदल नेहमी मूठ सोडलेली असताना करतो. आणि वळणातून बाहेर पडताना जे जाणवलं त्यासाठीच हा सगळा खटाटोप होता. मूठ किंचित उघडली की पूर्वी साखळीला एक हिसका बसायचा. आता ओढ येते, पण चढत येते. मागचं टायर रस्ता शोधायला वेळ घेतं आणि त्याला तो मिळतो. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी थांबलो तेव्हा खांदे मोकळे होते. ओल्या घाटात मी जन्मभर खांदे आवळून गाडी चालवत आलोय. त्यासाठी एक अंश, दोन अंश करत तक्त्यात बसणं मला योग्य वाटतं.

मवाळ मॅपमध्ये थोडी सुस्ती आहे, हे खरं. टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर सगळे एकदम सुटतात तेव्हा गाडी पूर्वीसारखी झेपावत नाही. शहरात मला ते चालतं. उलट गोवावेसच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरात गाडी ढकलल्यासारखी चालायची, ती शांत झाली. पायाला थोडी जास्त उष्णता लागते, तीन-चार अंशांचा तो मोबदला.

कायद्याचंही सांगतो, कारण हे आधी माहीत असलं पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे वाहनाच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळं काही करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२एमध्ये, परवानगीत न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, असं आहे. मी सायलेन्सर मूळचा ठेवलाय, आतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेला नाही, आणि पीयूसी वेळेवर करतो. आवाज वाढवायची हौस ज्यांना आहे त्यांच्याशी माझं पटत नाही. रात्री अकराला खानापूर रोडवरून फटफटत जाणाऱ्या एका गाडीमुळे बाकी सगळे बाइकवाले पोलिसांच्या नजरेत येतात. वॉरंटीतल्या गाडीवर तर असं काही करूच नये.

एकंदर खर्च म्हणाल तर स्विच, कनेक्टर, वायर, स्लीव्ह, एलईडी, पट्टी, सगळं मिळून हजार रुपयांच्या आत. युनिट आधीच होतं, त्याचा खर्च वेगळा आणि बराच जास्त. दर वर्षी मृगाच्या पावसाआधी कनेक्टर उघडून बघणार आहे, मानेजवळचा वायरीचा वळसा बोटांनी चाचपणार आहे आणि स्विचची रबरी टोपी कडक झाली असेल तर बदलणार आहे. टोपी उन्हानं जाते, पावसानं नाही, म्हणून उन्हाळा संपताना बघायची.

ज्याच्या गाडीचं तांबं हिरवं पडलं होतं तो मित्र आता हेच काम माझ्याकडून करून घ्यायला तयार झालाय. त्याची गाडी २०१७ नंतरची, राइड-बाय-वायरची, त्यामुळे तिथं थ्रॉटलची घरं मुठीची की बटरफ्लायची हे आधी बघावं लागेल. रविवारी फेअरिंग काढायचं ठरलंय. त्याला सांगितलंय, स्विच मी आणतो, स्लीव्ह मामा देतील, तू येताना दोन्ही मॅपमध्ये तुला काय हवं ते कागदावर लिहून आण.